वेताळाचे वतन

ली फॉक याने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांतून ज्या फँटमला जन्म दिला आणि ज्याला मराठी वाचक वेताळ म्हणून ओळखतात, त्याच्या चिरंजीवित्वाचे रहस्य अमृतप्राशनात नसून वंशपरंपरेत आहे. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या मूळ पुरुषाने पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ वाहिली, आणि तेव्हापासून बाप निवर्तला की मुलाने मुखवटा चढवावयाचा, अरण्याने मात्र तो मेलाच नाही असे मानावयाचे, हा क्रम एकविसाव्या पिढीपर्यंत अखंड चालत आला. हे एक वतनच आहे. म्हणून हा नायक ज्या ज्या प्रकाशकांच्या हाती गेला, त्यांतील वतनदार कोण आणि नुसते मक्तेदार कोण, असाच प्रश्न मी विचारीन.

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल' ही चित्रकथांची माला काढली, तेव्हा तिच्यापुढील काम नुसत्या भाषांतराचे नव्हते. दैनिक पट्टीत रोज तीन-चार चौकटी, आणि त्यांतली पहिली बहुधा कालच्या प्रसंगाची आठवण देण्यात खर्ची पडणारी. पुस्तकाच्या पानावर हीच पुनरुक्ती खटकते, म्हणून चौकटी गाळून, कातरून, पुन्हा जुळवून कथेला नवी गती द्यावी लागे. वेताळाच्या मूळच्या बंगाला देशाचे डेंकाली झाले, सिंग या भारतीय नावाच्या चाच्यांचे सिंगा झाले, आणि भारतीय वाचकाच्या मनाला टोचणारा काटा एका अक्षराने निघाला. गोविंद यांच्या कुंचल्यातून उतरलेली मुखपृष्ठे तर मला आतील चित्रांहून सरस वाटतात.

कृष्णवर्णीयांच्या अरण्यावर गोऱ्या पुरुषाचा अंमल, हा या कथेचा जन्मजात दोष होय. फॉकने पुढे लमांडा लुआगा हा लोकनियुक्त अध्यक्ष निर्माण करून त्याचे अंशतः परिमार्जन केले. १९८९ मध्ये डीसी या अमेरिकी प्रकाशनसंस्थेसाठी लिहिताना मार्क व्हरहायडेन याने वर्णद्वेष आणि भूक यांनाच हात घातला. तो प्रयत्न मला प्रामाणिक वाटतो, पण ती माला तेरा अंकांत आटोपली. मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेचा मक्ताही अल्पकाळाचाच ठरला.

खरे वतनदार निघाले ते दूरच्या देशांत. ऑस्ट्रेलियात फ्र्यू ही प्रकाशनसंस्था १९४८ पासून वेताळ छापीत आली. स्वीडनमध्ये १९५० साली सुरू झालेल्या 'फॅन्टोमेन' या नियतकालिकाने पुढे स्वतःचे लेखक आणि चित्रकार नेमले. आपल्या निवासाच्या कवटीगुहेत प्रत्येक वेताळ आपल्या हाताने बखर लिहून ठेवतो, ही फॉकची तजवीज त्यांनी जणू सनद मानली आणि पूर्वजांच्या पराक्रमांतून नव्या कथा रचल्या. 'इंद्रजाल'ने १९७६ मध्ये आबिद सुरती यांच्याकडून बहादुर हा स्वतःचा नायक घडवून घेतला, परंतु वेताळाच्या बखरीत स्वतःचे एक पानही घातले नाही, आणि १९९० मध्ये ती माला थांबली. चाचे, गलबते आणि जलदुर्ग यांनी गजबजलेल्या सतराव्या शतकातील कोकणच्या किनाऱ्याला एखादा वेताळ लागला असता, तर त्याची हकीकत मराठी लेखकाइतकी कोणाला लिहिता आली असती?