उंबरठ्याचे माप

मराठी वाङ्मयात उंबरठ्याने जेवढी प्रतिष्ठा मिळविली आहे तेवढी घराच्या दुसऱ्या कोणत्याही भागास लाभलेली नाही. तो मर्यादेचा आहे, कुलशीलाचा आहे. सासर आणि माहेर यांच्या सीमेवर तो उभा आहे. नवी सून त्याच्यावरील धान्याचे माप पायाने लवंडून घरात येते आणि कादंबरीतील मानिनी तोच ओलांडून घराबाहेर पडते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९८२ मध्ये चित्रपट काढला तेव्हा त्यास ‘उंबरठा’ हे नाव दिले, आणि त्याचा अर्थ कोणाही मराठी प्रेक्षकास समजावून सांगावा लागला नाही. प्रतीक इतके रुळलेले आहे. परंतु ज्या उंबरठ्यावर आपण धान्याचे माप ठेवतो त्या उंबरठ्याचे स्वतःचे माप काय, तो किती बोटे उंच आहे, ही चौकशी आमच्या वाचनात आलेल्या कथाकादंबऱ्यांत कोणी केल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आम्हीही ती कधी केली नव्हती. दोन वर्षांमागे न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, आणि शस्त्रक्रियेनंतर चार पायांचा वॉकर आमच्या नित्याच्या सोबतीस आला. वॉकरचा धर्म असा की तो माणसाचे दोन्ही हात अडकवून ठेवतो. अशा माणसापुढे दुकानाचे काचेचे दार म्हणजे काय असते हे वाचकांनी कल्पनेने तरी पाहावे. दार बाहेरच्या अंगाने उघडते. ते ओढण्यासाठी एक हात सोडावा तर तोल जातो. ओढलेच, तर आपण उभे आहोत त्याच जागेवर ते येते, म्हणून मागे सरावे लागते, आणि मागे सरणे ही वॉकर घेऊन करावयाच्या गोष्टींतील सर्वांत अवघड गोष्ट आहे. तोवर स्प्रिंगने आपले काम केलेले असते व दार मिटलेले असते. आम्ही राहतो त्या हैदराबादेत सुलतान बाजारच्या मेट्रो स्थानकातून लिफ्टने आम्ही रस्त्यावर येतो. पुढे आमच्या नेहमीच्या पुस्तकांच्या दुकानाशी तीन पायऱ्या आणि असलेच एक दार आहे. पंधरा सेंटिमीटरची एक, अशा तीन पायऱ्या म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर. एकास बारा या सर्वमान्य प्रमाणाने त्यांवर उतार घालावयाचा तर ५.४ मीटर लांबी हवी. तेवढी जागा त्या दुकानापुढे नाही. दुकानदार सज्जन आहेत. आम्ही दिसताच ते स्वतः खाली येतात आणि हवे ते पुस्तक बाहेर आणून देतात. परंतु पुस्तकांच्या दुकानात माणूस हवे ते पुस्तक घेण्यासाठीच जातो असे थोडेच आहे? ज्याचे नावही ठाऊक नाही ते पुस्तक मागावयाचे कसे? फडताळापुढे उभे राहून चार पुस्तके चाळावी आणि पाचवेच घेऊन यावे, हे सुख पायऱ्यांच्या वर राहिले.

हे सर्व सांगण्याचे कारण आमच्या प्रकृतीचे वर्तमान देणे हे नव्हे. या दोन वर्षांत काही पुस्तके आम्ही दुसऱ्यांदा वाचली आणि त्यांच्याविषयी पूर्वी केलेली आमची विधाने आम्हांसच अपुरी, किंबहुना चुकीची, वाटू लागली. त्यांत पहिले नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर (पाहा, प्रतीक कसे आपसूक लेखणीत उतरते) लेखिकेचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे बाबूकाका दिवाण या स्वतः तशाच अवस्थेत असूनही उद्योग करणाऱ्या गृहस्थांची भेट झाली. आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. या पुस्तकावर येथील एका वाङ्मयमंडळात आम्ही तासभर बोललो होतो. जिद्द, दुर्दम्य आशावाद, संकटावर मात, अशी शब्दांची आरास आम्ही मांडली होती, आणि श्रोत्यांनी ती गोड मानून घेतली होती. व्याख्यान पहिल्या मजल्यावरील सभागृहात झाले. त्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. त्या आम्ही आता मोजल्या, खाली उभे राहून. ज्या पुस्तकाचा आम्ही गौरव करीत होतो त्याच्या लेखिकेस त्या सभेस येता आले नसते, ही गोष्ट वक्त्याच्या, अध्यक्षांच्या वा श्रोत्यांच्या ध्यानी आली नाही. जिद्दीविषयी मात्र एकमत होते.

आमचे आजचे मत असे की ‘जिद्द’ हा शब्द या प्रकारच्या वाङ्मयाच्या समीक्षेतून काही काळ तरी हद्दपार करावा. तो खोटा आहे म्हणून नव्हे. तो वाचकाच्या सोयीचा आहे म्हणून. जिद्दीची कथा म्हटली की पायरी ही नायिकेची कसोटी ठरते. कसोटी काढून घेतली तर कथाच उरत नाही. म्हणजे वाचकास नकळत ती पायरी हवीशीच असते. पर्वतारोहणाच्या कथेत पर्वत असावा हे योग्यच. पण पर्वत गवंड्याने बांधलेला नसतो. दुकानाची पायरी कोणीतरी ठरवून, दोरी लावून, सिमेंट कालवून बांधलेली असते, आणि ती तशी न बांधणे त्यास शक्य होते. हा भेद जिद्दीच्या परिभाषेत पुसला जातो. हुरजूक यांनी पुस्तकास जे नाव दिले ते एका वस्तूचे आहे, भावनेचे नाही, याचे मर्म आम्हांस तेव्हा उमगले नव्हते. खुर्चीस चाके आहेत, चाकांस सपाट जमीन लागते, आणि दारास रुंदी लागते. साध्या, क्वचित भाबड्या वाटणाऱ्या निवेदनामागे हा वास्तवाचा हिशोब सतत चालू आहे. पुढे त्यांच्या संस्थेने वसतिगृह आणि शाळा उभारली. आम्ही त्यास समाजकार्य म्हणून नमस्कार करून मोकळे झालो होतो. वस्तुतः तो त्या पुस्तकाचाच उत्तरार्ध होता.

आपल्या जुन्या वाङ्मयात पांगळा माणूस नाही असे नाही. कृपेने पांगळ्याने डोंगर ओलांडावा ही कल्पना संतांच्या घरी पुन्हा पुन्हा भेटते; वाण्याच्या दुकानाच्या तीन पायऱ्या तो कशा चढला हे मात्र कोणी सांगत नाही. वारकरी परंपरेतील कूर्मदासाची कथा याहून निराळी आहे, आणि आमच्या मते तिच्याकडे समीक्षकांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले नाही. हातपाय नसलेला हा पैठणचा भक्त जमिनीवर अंग लोटीत पंढरीस निघाला. लऊळ येथे आल्यावर त्याच्याने पुढे जाववेना, तेव्हा त्याने वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला आणि विठ्ठल स्वतः लऊळास त्याच्या भेटीस आला. कथा हृद्य आहे. परंतु पुस्तके घेऊन पायऱ्या उतरणारे आमचे दुकानदार पाहिले म्हणजे आम्हांस वाटते की, या कथेतून समाजाने विठ्ठलाचे औदार्य तेवढे उचलले आणि कूर्मदासाची वाट विसरली. त्या माणसाला पंढरीस जावयाचे होते. देव भेटला हे खरे; पण महाद्वार, वाळवंट, गर्दीत मिसळून घेतलेले दर्शन, हे त्याचे राहिलेच. देव बाहेर आला, म्हणून देऊळ त्याच्यासाठी उघडले असे होत नाही.

येथे एका क्रियापदाचा विचार केला पाहिजे. ते क्रियापद ‘उचलणे’. ‘पायऱ्या आहेत खऱ्या, पण आम्ही उचलून घेऊ ना’ हे वाक्य ज्याने शंभर वेळा ऐकले असेल त्यालाच त्यातील प्रेम आणि नकार एकदम ऐकू येतात. या क्रियापदाचा सर्वांत धारदार अभ्यास आम्हांस मराठीत नव्हे, एका मुंबईकर पारशी लेखकाच्या इंग्रजी कादंबरीत आढळला. फिरदौस कांगा यांची ‘ट्राइंग टु ग्रो’ ही कादंबरी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. नायकाची हाडे काचेसारखी ठिसूळ आहेत, म्हणून घरात त्याचे नावच ‘ब्रिट’ पडले आहे. त्याची उंची चार फुटांपुढे गेलेली नाही. ज्याला आयुष्यभर इतरांच्या हातांवर भरवसा ठेवावा लागतो त्याने जगाकडे कृतज्ञतेने पाहावे अशी वाचकाची अपेक्षा असते. कांगा ती पहिल्या काही पानांतच मोडून टाकतात. त्यांचा नायक खट्याळ आहे, प्रसंगी दुष्ट आहे, कामातुर आहे, आणि स्वतःची कीव करणाऱ्यांची टवाळी करण्याची संधी दवडीत नाही. आम्ही तुलना करीत असलेल्या पुस्तकांत शैलीच्या दृष्टीने हेच अव्वल. त्यातील विनोद हा दुःखावरचा मुलामा नव्हे. उचलून घेतलेल्या माणसालाही मत असते, रुची असते, वासना असते, हे सांगण्याची ती एकमेव सभ्य रीत आहे. १९९७ मध्ये या कादंबरीवर ‘सिक्स्थ हॅपिनेस’ हा चित्रपट निघाला आणि त्यात नायकाची भूमिका स्वतः कांगा यांनी केली, ही गोष्ट येथे नोंदविण्यासारखी आहे.

कांगा यांचे दुसरे पुस्तक ‘हेवन ऑन व्हील्स’ (१९९१) हे इंग्लंडचे प्रवासवर्णन. त्यात केंब्रिजला स्टीफन हॉकिंग यांची भेट आहे. प्रवासवर्णन म्हणून ते आम्हांस कादंबरीइतके सकस वाटले नाही. पण त्याच हॉकिंग यांच्यामुळे आपल्याकडे घडलेला एक प्रसंग कोणत्याही प्रहसनकाराने हेवा करावा असा आहे. २००१ च्या जानेवारीत ते दिल्लीस आले. जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्रह धरला, आणि कुतुबमिनारासारख्या काही स्मारकांवर त्यांच्यासाठी लाकडी उतार बसविण्यात आले. ते तात्पुरते होते. म्हणजे उतार घालता येत नाही, वास्तूस बाधा येते, खर्च फार, हे आक्षेप एका पाहुण्याच्या आगमनाबरोबर नाहीसे होऊ शकतात. फक्त पाहुणा जगद्विख्यात असावा लागतो.

मालिनी छिब यांचे ‘वन लिटल फिंगर’ वाचताना मात्र रसिकतेस थोडा धीर धरावा लागतो. मेंदूच्या पक्षाघाताने वाणी आणि हालचाल दोन्ही बद्ध झालेल्या या लेखिकेने एका बोटाने टंकलेखन करून पुस्तक लिहिले, आणि वाक्ये अर्थातच काटकसरीची आहेत. काही प्रकरणे संस्थेच्या अहवालाकडे झुकतात. तथापि त्यांच्या पुस्तकात एक विरोध असा मांडला आहे की त्याच्यापुढे शैलीची चर्चा क्षुल्लक वाटावी. लंडनमध्ये विजेवर चालणाऱ्या खुर्चीतून त्या एकट्या हिंडतात, आणि मुंबईत परतताच पुन्हा कुणाच्या तरी सोबतीवाचून अडतात. व्यक्ती तीच, शरीर तेच, जिद्दही तीच. बदलले ते शहर. ‘पंगुत्व’ हा शब्द शरीराचा की रस्त्याचा, हा प्रश्न तात्त्विक लेखांतून पुष्कळ चघळला गेला आहे; येथे तो विमानाच्या एका प्रवासात सिद्ध होतो.

कायद्याचे गद्य हा वाङ्मयसमीक्षेचा विषय नव्हे असे म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. १९९५ चा कायदा झाला, त्याच्या जागी २०१६ चा अधिक विस्तृत कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आहे. सरकारी असो वा खासगी, लोकांना सेवा देणाऱ्याने आपली जागा सर्वांना सुगम करावी असे तो सांगतो. परंतु त्याखालील नियमांत जी मार्गदर्शक तत्त्वे आली ती शिफारशीच्या सुरात. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके याच सुरावर बोट ठेवले. कायदा ‘केलेच पाहिजे’ म्हणतो आणि त्याचा नियम ‘करावे’ म्हणतो, ही विसंगती टिकणार नाही असे ठरवून पंधराव्या नियमाचा तो भाग न्यायालयाने रद्द ठरविला, आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्र सरकारास सांगितले. मराठी व्याकरणात विध्यर्थ आणि आज्ञार्थ यांची चर्चा शाळेत आपण कंटाळत केलेली असते. त्या दोहोंच्या मधल्या फटीत देशातील कितीएक दारे इतकी वर्षे अडकून पडली होती, हे त्या वर्गात कोणी सांगितले असते तर आम्ही अधिक लक्ष दिले असते.

प्रस्तुत लेख मुळात त्याच वाङ्मयमंडळाच्या यंदाच्या व्याख्यानासाठी लिहिला होता. मंडळाचे कार्यवाह मोठ्या अगत्याने घरी आले. ‘आपण जिन्याची काळजी करू नका, चार मुले ठेवली आहेत, खुर्चीसकट वर नेतील,’ असे त्यांनी सांगितले. ते आमचे जुने स्नेही आहेत आणि त्यांच्या बोलण्यात आपुलकीखेरीज काही नव्हते. व्याख्यान तळमजल्यावरील वाचनकक्षात होत असेल तर आम्ही येऊ, असे आम्ही त्यांस कळविले आहे. वाचनकक्ष लहान आहे, तेथे चाळीसच खुर्च्या मावतात, आणि मधले लाकडी टेबल हलविता येत नाही, अशी मंडळाची अडचण आहे. ती खरी आहे; टेबल आम्ही पाहिलेले आहे.