‘स्मृतिचित्रे’ आणि सोशिकपणाचा अर्थ

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा दाखला आपल्या प्रवचनांतून वारंवार दिला जातो, तो बहुधा एकाच हेतूने. पतीपायी निमूटपणे दुःख सोसणारी साध्वी श्रोत्यांपुढे उभी करावयाची आणि ‘आपणही असेच सोसावे’ असा बोध काढावयाचा. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ नव्याने वाचताना, ही निमूट साध्वी त्यात आहे कोठे, असा प्रश्न आम्हांस पडला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीस न कळविता. पुढील काही वर्षे लक्ष्मीबाई लहान मुलास घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. त्या वियोगाचे वर्णन करताना त्या आपला शोक लपवीत नाहीत की पतीचा लहरीपणा झाकीत नाहीत; परंतु टिळकांस हसणारी ही लेखणी स्वतःच्या सोवळ्यासही तितकीच हसते. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तोही केवळ पतीच्या इच्छेखातर नव्हे. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांचे त्यांना आधीच उमगले होते.

ही नम्रता मौनाची नव्हे. ईयोबाच्या बाबतीतही आपण अशीच गल्लत करतो. पहिल्या दोन अध्यायांतील शांत ईयोब आपण उचलतो आणि तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसास शाप देणारा ईयोब सोडून देतो. अखेरीस (४२:७) देव यथार्थ ठरवितो ते ईयोबाचे बोलणे, समजूत घालावयास आलेल्या मित्रांचे नव्हे. गेथशेमानेत प्रभूनेही प्याला टळावा म्हणून आधी विनविले, तेही एकदाच नव्हे.

हे आम्ही थोड्या संकोचानेच लिहीत आहो. पतीचा मार खाऊन आमच्याकडे आलेल्या एका भगिनीस आम्ही क्रूस वाहण्याचा उपदेश करून घरी परत पाठविले होते. पुढे तिने आमच्यापाशी काही काढले नाही, आणि तिच्या त्या गप्प राहण्यास आम्ही नम्रता समजलो.

ग्रंथात एक गोष्ट मात्र खटकते. कोठे कोठे विनोद इतका अनावर होतो की टिळकांच्या वागण्याची झळ घरात कोणास लागली, हेच वाचक विसरतो. धर्मशिक्षकांच्या वर्गात हे पुस्तक वाचावयाचे झाल्यास १८९५ नंतरचा वियोगाचा भाग आधी घ्यावा, गमतीचे प्रसंग मागाहून.