ठिपके, रेषा आणि लय : मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची एक कसोटी

बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातील लयसिद्धान्ताची चर्चा आपल्याकडे बहुधा काव्याच्या अनुषंगाने होते. घटकांच्या परस्परसंबंधांतील लय म्हणजे सौंदर्य, आणि संवाद, विरोध व समतोल हे त्या लयीचे नियम, अशी ही भूमिका. परंतु काव्यात शब्दांचा अर्थ व त्यास चिकटलेल्या भावना मध्ये येत असल्याने सिद्धान्ताची निर्भेळ परीक्षा तेथे होणे कठीण. त्यासाठी अर्थाचा भार नसलेली आकृतीच घ्यावयास हवी. मुळशी तालुक्यातील नांदे गावी, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही गावी, दिवाळीच्या पहाटे अंगणात उमटणारी ठिपक्यांची रांगोळी ही अशी आकृती होय.

‘१३ ते ७’ ही परिचित मांडणी पाहू. मधल्या ओळीत १३ ठिपके. वर व खाली प्रत्येक ओळ अर्ध्या अंतराने सरकवून, एकेक ठिपका कमी करीत ७ वर थांबावयाचे. शेजारचे ठिपके सर्वत्र समान अंतरावर राखले म्हणजे १२७ ठिपक्यांचा सुरेख षट्कोन सिद्ध होतो. तीच मांडणी १ पर्यंत नेल्यास १६९ ठिपक्यांचा समभुज चौकोन होतो. षट्कोन एक-षष्ठांश फेरीने फिरवला तरी तोच राहतो. हा चौकोन मात्र अर्ध्या फेरीनेच स्वतःशी जुळतो. ओळी कोठे थांबवावयाच्या, एवढ्या एका निर्णयाने सारे रूप पालटते.

मर्ढेकरांचे नियम येथे सहज लागू पडतात. पाकळ्यांच्या पुनरावृत्तीत संवाद आहे, सरळ व वक्र रेषांत विरोध आहे, मध्याभोवती समतोल आहे. पण प्रश्न येथेच उद्भवतो. हे तिन्ही नियम पाळणारी एक रांगोळी नजर खिळवून ठेवते आणि दुसरी निर्जीव वाटते, असे का व्हावे? विरोध किती असावा आणि संवादास तो कोठे छेद देईल, याविषयी नियम काही सांगत नाहीत.

कांटने १७९० साली आपल्या तिसऱ्या मीमांसेत वर्तुळ, चौरस इत्यादी नियमबद्ध आकृतींस सौंदर्याची उदाहरणे मानण्यास हरकत घेतली होती. त्या आकृती संकल्पनेने पूर्णतः निश्चित झालेल्या असतात. कल्पनेला खेळावयास तेथे अवकाश उरत नाही, आणि ताठर नियमितपणाचा लौकरच कंटाळा येतो. ही हरकत नुसत्या ठिपक्यांना लागू आहे, रांगोळीला नाही. त्याच १२७ ठिपक्यांतून असंख्य आकृती निघतात. ठिपके रेषेला मर्यादा घालतात, पण तिचा मार्ग ठरवून देत नाहीत. कोणता ठिपका जोडावा, कोणता वळसा घालून मोकळा सोडावा, हे बोटांच्या चिमटीतच ठरते.

तेव्हा मर्ढेकरांच्या विवेचनात ‘नियम’ हा शब्द दुहेरी भार वाहतो, असे म्हणणे प्राप्त आहे. रचनेचे वर्णन करणारे नियम म्हणून संवाद, विरोध व समतोल हे त्रिक मोलाचे आहे. आकृतीकडे आकृती म्हणून पाहण्याची शिस्त मराठी समीक्षेस त्यानेच लावली. मूल्यमापनाचा मानदंड म्हणून मात्र ते अपुरे पडते. त्रिकाची ही मर्यादा अर्थमुक्त रांगोळीतही दिसत असेल, तर काव्यातील तिचा दोष केवळ शब्दार्थाच्या माथी मारता येणार नाही. कवितेत हे तीन नियम आढळले एवढ्यावरून तिला सुंदर ठरविणारी समीक्षा ठिपके मोजून थांबते. रेषा पाहावयाची तशीच राहून जाते.