कोयत्याचं पाणी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून आजवर रेल्वे गेलेली नाही. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची चर्चा नारायणगाव-मंचरच्या टपऱ्यांवर कित्येक वर्षं चालू आहे. रूळ काही पडलेले नाहीत. त्यामुळे अमेरिकेतले हौशी लोहार रुळांचे जुने खिळे वेचून जशा सुऱ्या घडवतात, तशी सुरी इथे शोधायला जाऊ नये. इथलं टाकाऊ लोखंड रस्त्याचं आहे. आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. ट्रक, जीप, टेंपो यांचे तुटलेले कमानपाटे तिथल्या गॅरेजांतून भंगारात जातात आणि भंगारातून गावच्या लोहाराकडे, नाहीतर रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडे पोचतात. त्या पाट्याचा कोयता होतो. बाजारात खाली अंथरलेल्या पोत्यावर तो विळे-खुरप्यांच्या गर्दीत पडलेला असतो, म्हणून आपण त्याच्याकडे नीट बघत नाही. हातात घेऊन सावकाश निरखावी अशी ही वस्तू आहे.

पहिली दाद द्यायची ती लोखंडाच्या निवडीला. रुळाच्या खिळ्याचं काम रूळ पकडून ठेवण्याचं. तो वाकला तरी चालतो, तडकून चालत नाही, म्हणून त्यात कार्बन कमी ठेवतात. फार तर ०.३ टक्के. अशा लोखंडाला कितीही तापवून पाण्यात बुडवा, ते कडक असं होतच नाही. खिळ्याच्या सुरीला पीळ देतात, खिळ्याचं डोकं मुठीशी तसंच ठेवतात, भिंतीवर ती शोभून दिसते. कामाला लावली की धार बोथटते. गाडीचा पाटा वेगळा. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के, शिवाय थोडं सिलिकॉन किंवा क्रोमियम. हजारदा दबून पुन्हा जागेवर यायचं, हा त्याचा जन्मभराचा धंदा. लोहाराला ही टक्केवारी कुणी शिकवलेली नसते. तो तुकडा सहाणेच्या चाकाला लावतो आणि ठिणग्या बघतो. मऊ लोखंडाची ठिणगी लांब, सरळ रेघ ओढत जाते. पाट्याची ठिणगी थोडं जाऊन फुटते, तिला फुलं येतात. मग तो तुकडा तापवून त्यावर एखादी काळी रेघ दिसते का ते पाहतो, कारण थकून तुटलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, आणि तशी चीर कोयत्यात गेली तर तो बरोबर तिथेच मोडणार. प्रयोगशाळेने दिला असता तोच निकाल इथे ठिणगी आणि रंग देतात.

पाट्याच्या मधोमध एक भोक असतं. सगळे पाटे एकत्र बांधणारा बोल्ट त्यातून जातो. नवखा कारागीर या भोकामुळे अडतो. जाणता आधीच पाटा असा तोडतो की भोक पात्यात येऊ नये. आलंच तर मुठीत जाणाऱ्या शेपटात यावं, म्हणजे तिथे खिळा ठोकायची आयती सोय होते. जुन्या कोयत्याची मूठ निसटली की कधीकधी हे गोल भोक दिसतं. गाडीची एवढीच खूण वस्तूत उरते, तीही झाकलेली. मला हा संयम फार आवडतो.

आता घडाई. लोहार डाव्या हातातल्या सांडशीत लाल पात धरतो, उजव्या हातात लहान हातोडा. समोर घण घेऊन बहुधा घरातलीच बाई उभी असते. घिसाड्यांमध्ये तर घण बाईनेच मारायचा ही जुनी रीत. लहान हातोडा जिथे टेकतो, पुढच्या क्षणी घण नेमका तिथेच पडतो. हातोड्याचा ठोका लोखंड फारसं हलवत नाही, तो जागा दाखवतो. जोर किती हवा तेही त्याच्या आवाजावरून कळतं. हातोडा ऐरणीवर आडवा वाजला की घण थांबतो. या सगळ्यात तोंडातून शब्द निघत नाही. बघणाऱ्याचं लक्ष घणाच्या ताकदीकडे जातं. खरं पाहायचं ते हे, की दोघांपैकी कुणीही काळ्या पडलेल्या लोखंडावर एकही ठोका वाया घालवत नाही. रंग उतरला की पात भट्टीत परत जाते.

या घडाईतली सगळ्यात चतुर गोष्ट तयार कोयत्यात दिसतच नाही. कोयत्याची धार आतल्या, वळलेल्या बाजूला असते. धारेची कड ठोकून पातळ केली की तिथलं लोखंड पसरतं, कड लांबते आणि वळण उघडून पातं सरळ व्हायला लागतं. म्हणजे मनाजोगता बाक आधीच दिला, तर धार काढेपर्यंत तो निम्मा नाहीसा होणार. म्हणून लोहार सुरुवातीला बाक हवा त्याहून बराच जास्त देतो. त्या अवस्थेत पात बेढब दिसते, टोक जवळजवळ मुठीकडे बघत असतं. मग धारेच्या कडेवर एकामागून एक ठोके पडतात, पात हळूहळू उमलते आणि शेवटच्या ठोक्याला बाक योग्य जागी येऊन थांबतो. मोजपट्टी नाही, साचा नाही. एकाच हाताच्या चार कोयत्यांची पाती एकमेकांवर ठेवून पाहिली की हा हिशेब किती पक्का आहे ते लक्षात येतं.

गळ्याकडे, म्हणजे पातं संपून शेपूट सुरू होतं त्या जागेकडे, गिऱ्हाईक बघत नाही. सगळा ताण तिथेच येतो. ओबडधोबड कामात तिथे काटकोनी खाच असते आणि मोडणारा कोयता तिथूनच मोडतो. चांगल्या कोयत्याचा गळा गोलाई घेत निमुळता होतो. शेपूट तापवून बाभळीच्या किंवा धावड्याच्या मुठीत जाळतच घुसवतात, त्यामुळे लाकूड लोखंडाचा अचूक आकार घेतं. मुठीच्या तोंडाशी लाकूड फाटू नये म्हणून लोखंडी कडं असतं. एवढं पुरे, मुठीवर जास्त नटवेगिरी दिसली तर मला पात्याचा संशय येतो.

आणि मग पाणी. इथवर जे झालं त्याला आकार म्हणायचा. कोयता अजून झालेला नाही. पातं पुन्हा भट्टीत जातं, या वेळी धारेची बाजू निखाऱ्यात आणि पाठ शक्यतो वर. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या किंचित पुढचा रंग लोहाराला हवा असतो. भर उन्हात तो रंग कळत नाही, म्हणून पालातही भट्टीवर सावली धरलेली असते. रंग आला की पातं पाण्यात, पण सगळं नाही. फक्त धार, बोटभर, आणि तीही पुढे-मागे हलवत, म्हणजे पाण्याच्या रेषेवर तडा जात नाही. धार क्षणात काचेसारखी कडक होते, आणि तितकीच ठिसूळ. असा कोयता बाहेर काढून तसाच थंड केला, तर पहिल्याच गाठीवर धारेचा तुकडा उडेल.

लोहार तो थंड होऊ देत नाही. पाठीत उष्णता शिल्लक असते. तो दगडाच्या तुकड्याने धारेजवळचा काळा थर पटकन घासून लोखंड उघडं करतो आणि वाट बघतो. पाठीकडून उष्णता धारेकडे सरकते आणि तिच्यापुढे रंग चालत येतात: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, त्यामागून निळा. पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा म्हणजे तीनशे. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक पण दात पडणारी. निळ्यावर गेली तर चिवट पण लवकर बोथटणारी. कोयत्याची जागा या दोहोंमध्ये, तपकिरी जांभळ्यात उतरतो तिथे. तो रंग धारेला टेकला रे टेकला की पूर्ण पातं पाण्यात. कारखान्यात याच कामाला दोन वेगळ्या भट्ट्या आणि तापमापक लागतात. इथे पाठीत उरलेल्या आचेवर काम भागतं, आणि पाठ स्वतः मऊ राहते ती राहतेच. घाव धार घेते, हादरा पाठ पिते. या एका क्षणासाठी मी बाकी सगळी कारागिरी दुय्यम मानायला तयार आहे.

हे पाणी कुठे थांबवायचं ते कोयता कुठे जाणार त्यावर ठरतं. पश्चिमेला तळेघर, आपटाळे, भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर माणूस कमरेच्या आकडीत कोयता अडकवून ऐनाच्या झाडावर चढतो आणि भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, फांद्या उतरवतो. एक हात झाडाला, एक कोयत्याला. हा कोयता हलका हवा, टोक आकड्यासारखं हवं, आणि गाठीवर दात पडता कामा नये, म्हणून पाणी जरा चिवटपणाकडे. पूर्वेला विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांचा ऊस. तिथे वजन हवं, पातं रुंद हवं. ऊस बुडाशी एका घावात तुटला पाहिजे, मग त्याच पात्याने पाचट सोलायचं आणि वाढं उडवायचं. ऊस लाकडापुढे मऊ, पण दिवसभराचे घाव असंख्य, म्हणून धार जास्त कडक चालते. एकाच तालुक्यात पन्नास किलोमीटरच्या आत पाऊस बदलतो, पीक बदलतं, आणि त्याबरोबर पात्यातल्या पाण्याचा रंग एक घर इकडे-तिकडे सरकतो.

शहराने अलीकडे कोयता ओळखला तो गुंडांच्या टोळ्यांमुळे. वाईट एवढंच, की त्यात बदनाम मात्र राबाचा, उसाचा कोयता होतो.

कोयता घ्यायचा असेल तर धारेवर अंगठा फिरवत बसू नका; धार कुणीही लावून देईल. मूठ सैल धरून पाठीवर नखाने टिचकी मारा. चांगलं पातं लांब वाजतं, चीर गेलेलं बद्द बोलतं. गळ्याची गोलाई बघा. धारेला कानस हलकेच लावून पाहा: घसरू पाहिली तर पाणी आहे, सहज खाल्लं तर नाही. आणि वर्षाकाठी कोयता शेवटून, म्हणजे ठोकून पुन्हा धार काढून, घ्यायला त्याच लोहाराकडे न्या. सहाणेच्या चाकावर कोयता जळतो, धार निळी पडते, आणि दिलेलं पाणी तिथेच उतरतं.