ठिपका आणि हजेरीची वही

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं पोलिसांच्या नकाशात काय काम? काम आहे. संगणकाच्या पडद्यावर शहराचा नकाशा दिसतो, त्यावर लाल ठिपके, आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं की 'घरफोडी' असं उमटतं. तो ठिपका पाहून आपल्याला काय कळलं आणि काय नुसतं कळल्यासारखं वाटलं, हा प्रश्न पोलिसांचा होण्याआधी ज्ञानशास्त्राचा आहे.

निमित्त सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ साली राज्य सरकारनं पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवण्यासाठी 'मार्व्हल' नावाची कंपनी काढली, नागपूरच्या आयआयएमला बरोबर घेऊन. मग डिसेंबर २०२५ मध्ये 'महाक्राइमओएस' ही प्रणाली राज्यातल्या सुमारे ११०० पोलीस ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. त्याआधी नागपूरच्या २३ ठाण्यांत ती वापरून पाहिली होती, तंत्रज्ञान मायक्रोसॉफ्टचं. कागद वाचून त्यातली माहिती काढणं, कोणतं कलम लागेल ते सुचवणं, पुरावे एकत्र मांडणं ही तिची कामं. एखाद्या तपास अधिकाऱ्याच्या टेबलावरचा फायलींचा ढीग ज्यानं पाहिलाय, तो या मदतीला नावं ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. माहिती जुळवणं, ठिकाणं दाखवणं आणि पुढचा गुन्हा कुठे होईल हे सांगणं ही तीन अगदी वेगळी कामं 'विश्लेषण' या एकाच शब्दाखाली विकली जातात. पहिल्याची पुण्याई तिसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

पहिल्या कामाची किंमत कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. गावित प्रकरण आठवा. १९९० ते १९९६ अशी सहा वर्षं एक आई आणि तिच्या दोन मुली लहान मुलं पळवत होत्या. चोरी करताना मूल कडेवर असलं की संशय कमी येतो, पकडलं गेलं तरी गर्दी विरघळते, एवढाच हिशोब. तेरा मुलांच्या अपहरणाचा आरोप होता, त्यातल्या अनेकांचे खून. कोल्हापूर, नाशिक, पुणे, मुंबईच्या बाजूची गावं, देवळं, एसटी स्टँड असा सगळा पसारा. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर झालेल्या अक्षम्य दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये तिची जन्मठेप केली. आई खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात वारली.

आता यातला आपल्या विषयाचा भाग बघा. सहा वर्षं हे चाललं, आणि तपासाला वाट फुटली ती घरातल्याच एका तक्रारीतून. त्या आईच्या नवऱ्याच्या दुसऱ्या पत्नीची मुलगी नाहीशी झाली आणि तिनं संशय बोलून दाखवला. एका जिल्ह्यात मूल हरवतं, दुसऱ्या जिल्ह्यात बेवारस लहानगं प्रेत सापडतं, तिसरीकडे कडेवर मूल असलेली बाई पाकीटमारीत सापडते आणि सुटते. अशा तीन नोंदी तीन वह्यांत राहिल्या तर त्या एकमेकींना कधीच भेटत नाहीत. इथे संगणक खरोखर उपयोगाचा आहे. देशातली ठाणी एकमेकांना जोडणारी सीसीटीएनएस योजना २००९ मध्ये मंजूर झाली, महाराष्ट्रात ती २०१५ मध्ये सुरू झाली. तशी व्यवस्था १९९२ साली असती तर काही लेकरं वाचली असती, असं म्हणायला जागा आहे.

पण याच प्रकरणाला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली जात नाही. पहिलं मूल पळवलं गेलं ते कोल्हापुरात, एका भीक मागणाऱ्या बाईचं. त्या आईनं चौकीची पायरी चढली असती तर १९९० साली तिचं कोण, किती ऐकणार होतं? हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणूनच नोंदवा, हे सर्वोच्च न्यायालयाला मे २०१३ मध्ये सांगावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ललिताकुमारी खटल्यात घटनापीठाला पुन्हा बजावावं लागलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर नोंद करणं पोलिसांवर बंधनकारक आहे. जे सर्रास होत असतं ते घटनापीठाला सांगावं लागत नाही. वहीत न लिहिलेलं मूल कुठल्याही यंत्राला सापडत नाही, मग यंत्र नागपूरचं असो की अमेरिकेचं.

म्हणजे ठिपका गुन्ह्याचा नसतोच. तो नोंदीचा असतो. तुम्ही म्हणाल, शब्दांचा कीस पाडताय. थोडा पाडू द्या.

न्यायशास्त्रात धूर आणि अग्नी यांचं जुनं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे अनुमान चालतं. उलट मात्र चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, कारण धूर निघायला सरपण ओलं लागतं. या मधल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात, आणि उदाहरण देतात तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं: अग्नी पुरेपूर, धूर शून्य. आपल्या नकाशावर हेच लावून पाहा. गुन्हा घडला तर नोंद उमटेलच असं नाही. मध्ये अट आहे. चौकी जवळ हवी, तक्रारदाराची छाती हवी, लिहून घेणाऱ्याची तयारी हवी, घराला धड पत्ता हवा. ताराबाई पार्कातल्या एखाद्या बंगल्यात सुनेला मारहाण होत असेल तर तो लोखंडाचा गोळा झाला. आत सगळं तापलेलं, बाहेर धुराची रेघ नाही. उलट झोपडपट्टीतलं भांडण रस्त्यावर येतं, शेजारी फोन करतात, गाडी येते, नोंद होते. तिथे आठ घरांना मिळून एकच पत्ता असेल तर आठ घरांचे ठिपके एकावर एक बसतात आणि नकाशावर तो भाग पेटल्यासारखा दिसतो. धूर दाट आहे यावरून सरपण ओलं आहे एवढंच कळतं, आग मोठी आहे हे नाही.

नोंदीत आणखी गंमत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग जी आकडेवारी छापतो तिचा एक नियम असा की एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तरी मोजताना त्यातला सर्वांत गंभीर तेवढा एक धरायचा. बलात्कार करून खून केला, तर मोजणीत खून. नियम त्यांनी लपवलेला नाही, अहवालातच छापलेला असतो. पण कोष्टक वाचणारे तळटीप वाचत नाहीत.

या क्षेत्रातले लोक नेहमी डॉक्टर जॉन स्नोचं नाव घेतात. १८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला, स्नोनं मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडल्या आणि ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाकडे बोट दाखवलं. उदाहरण सुंदर आहे, इथे मात्र गैरलागू आहे. स्नोनं मृत्यू मोजले. मेलेल्या माणसाला पोलिसांची भीती वाटत नाही, अब्रूची काळजी नसते, त्याची नोंद होतेच. गुन्ह्यांमध्ये त्याच्या जवळ जाणारे प्रकार थोडे आहेत. खून बहुतेक लपत नाही. मोटारसायकलची चोरीही लपत नाही, कारण विमा कंपनी एफआयआरची प्रत मागते. म्हणून वाहनचोरीच्या नकाशावर मी बराच विश्वास ठेवीन. नवरात्रात महाद्वार रोडला किंवा चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर गळ्यातली साखळी कुठल्या वळणावर ओढली जाते, याचा नकाशाही चांगला होईल, त्या वळणावर माणूस उभा केला तर चोरी टळेलही. (हे जुना राजवाडा ठाण्यातल्या जुन्या हवालदाराला नकाशावाचून माहीत असतं, पण तो निवृत्त होतो, नकाशा होत नाही. हा मुद्दा मला मान्य आहे.) तेव्हा माझं म्हणणं सरसकट नाही. कोणत्या गुन्ह्याची नोंद विश्वासार्ह आणि कोणत्याची नाही, हे ठरवल्याशिवाय सगळे ठिपके एकाच लाल रंगात रंगवणं हा हेत्वाभास आहे, एवढंच.

आता तिसरं काम, भाकीत. इथे चूक नुसती राहत नाही, ती वाढत जाते. ठिपके जिथे जास्त तिथे यंत्र गस्त पाठवतं. गस्त जिथे जास्त तिथे पकडापकडी जास्त. पकडापकडीतून नवे ठिपके. यंत्र म्हणतं, बघा, मी म्हणालो होतो. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये हे ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या नोंदींवर करून दाखवलं. सेवनाचा अंदाज घेतला तर ते शहरभर पसरलेलं होतं, पण पोलिसांच्या नोंदी खाल्लेलं यंत्र गस्त पुन्हा पुन्हा पाठवत होतं ती प्रामुख्यानं कृष्णवर्णीय वस्त्यांतच. कॅलिफोर्नियातल्याच सांताक्रूझनं २०११ मध्ये अशी प्रणाली अगदी सुरुवातीला घेतली होती. त्याच गावानं २०२० मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी इस्रोच्या मदतीनं सीमॅप्स नावाची नकाशा प्रणाली उभी केली, तिच्या नावातच 'भाकीत' आहे.

अमेरिकेची उदाहरणं दिली की कुणीतरी म्हणतं, ते त्यांचं वर्णद्वेषाचं दुखणं, आपल्याला काय त्याचं? म्हणून घरचंच सांगतो. गुन्हेगारांचे नकाशे या देशात नवे नाहीत. १८३०च्या दशकात स्लीमननं ठगांच्या वंशावळी मांडल्या, प्रेतं पुरण्याच्या जागा नकाशावर दाखवल्या. माणूस, त्याचं कूळ आणि त्याचं ठिकाण एका कागदावर आलं. त्यापुढची पायरी १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. काय केलं म्हणून नव्हे, कुठे जन्मला म्हणून संशयित. आणि या संशयाचं साधन कोणतं? नोंदवही. गावोगावच्या चावडीवर रोजची हजेरी. रात्री कुठे झोपलास, परगावी का गेलास, परवानगी कुणाची. सोलापूरला तर माणसांना कुंपणाच्या आत ठेवणारी वसाहतच होती.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महार, मांग, रामोशी, बेरड यांची ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना पहाऱ्याच्या कामावर नेमलं. आपण हे जयंतीच्या भाषणात करुणेचं उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात प्रमाणशास्त्र दिसतं. हजेरीची वही पुरावा म्हणून निरुपयोगी आहे हे त्या माणसानं ओळखलं. ज्याला रोज चावडीवर उभं केलं जातं त्याचंच नाव वहीत असतं, चोरी झाली की वही उघडतात, नाव सापडतं, आणि नाव सापडलं हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो. ओकलंडच्या यंत्राचं वर्तुळ आणि चावडीवरच्या वहीचं वर्तुळ एकच आहे, फक्त वही फिरायला वेळ जास्त घ्यायची.

कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि वही पुन्हा उघडली. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोरी कुठेही झाली तरी पोलीस आधी कुणाच्या दारात येतात, हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना त्या पुस्तकानं सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगाच्या नियमावल्यांतले जातीचे उल्लेख रद्द केले, विमुक्तांना 'सराईत' ठरवणारी कलमंही काढायला लावली. म्हणजे परवापर्यंत ती होती.

आता मला सांगा, नव्या यंत्राला शिकवायला जुनी माहिती लागते, ती कुठली घालणार? याच वह्या. २०२२च्या ओळख कायद्यानं बोटांचे ठसे, बुबुळं वगैरे ७५ वर्षं साठवायची मुभा दिली आहे. ७५ वर्षं म्हणजे आजा पकडला गेला तर नातवाच्या लग्नापर्यंत.

यावर एक उत्तर मिळतं, आणि ते हुशार लोकांकडून मिळतं: हवालदाराच्या डोक्यातही पूर्वग्रह असतोच, यंत्राला निदान जात कळत नाही. पहिला अर्धा भाग खरा आहे. पण हवालदाराला न्यायालयात पिंजऱ्यात उभं करता येतं, 'याच्यावरच संशय का?' असं वकील विचारू शकतो, आणि 'साहेब, मला वाटलं' या उत्तराची काय किंमत करायची ते न्यायाधीशाला कळतं. यंत्रानं दिलेल्या गुणांची उलटतपासणी कोण घेणार? कंपनी म्हणेल, सूत्र आमचं व्यावसायिक गुपित. राहिला जातीचा मुद्दा. सप्टेंबर २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं पोलिसांच्या कागदांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. चांगलं झालं. पण आपल्याकडे पवार, काळे, भोसले, चव्हाण ही आडनावं मराठ्यांत आहेत तशी पारध्यांतही आहेत. नुसत्या आडनावावरून यंत्राला काही कळणार नाही. आडनाव आणि पत्त्याच्या जागी 'गायरान, पालं' असं एकत्र आलं की रकाना नसतानाही जात कळते. माणसालाही ती तशीच कळते.

मार्व्हल सरकारी कंपनी आहे, तेव्हा काही गोष्टी विचारायचा आपल्याला हक्क आहे. प्रणालीला कोणत्या सालापासूनच्या नोंदी दिल्या? ज्यांची निर्दोष सुटका झाली त्यांची नावं त्यात आहेत की काढली? गुन्ह्याच्या नकाशाशेजारी नाकारलेल्या तक्रारींचा नकाशा ठेवणार का, म्हणजे कुठल्या ठाण्यातून लोक परत फिरले आणि मग न्यायालयात जाऊन नोंद करवून घ्यावी लागली? ती माहिती न्यायालयांच्या आदेशांत पडून आहे, गोळा करायला कृत्रिम बुद्धिमत्ताही लागत नाही. करवीर, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी एवढ्या चार ठाण्यांचा तसा नकाशा कुणी केला तर मी तो पाहायला येईन.

वेळ झाली. प्रश्न घेऊ. आधी मागच्या रांगेतल्या ताई, त्यांनी मघाशीच हात वर केला होता.