आईच्या हातात बंदूक असते, फोन नसतो

‘वास्तव’मधला पन्नास तोळ्यांचा सीन तुम्ही रील्सवर पाहिलाच असेल. गळ्यातली साखळी दाखवणारा संजय दत्त आणि समोर त्याचे आईवडील. त्या सीनची इतकी मीम्स झाली की तो मुळात कशाबद्दल आहे हेच विसरायला झालं. एक मुलगा घरी येऊन आपल्या गुन्ह्यांची कमाई दाखवतोय. पाहणारे दोघंही सज्जन आहेत. हे सोनं पगारातून आलेलं नाही एवढं कळायला त्यांना पोलिसांची गरज नाही. मग आता त्यांनी करायचं काय?

महेश मांजरेकरांचा हा चित्रपट १९९९चा. चाळीतला रघू पावभाजीचा धंदा सुरू करतो, भांडणात त्याच्या हातून एका गुंडाचा भाऊ मरतो आणि तिथून परतीची वाट बंद होते. शेवटी रघूच्याच विनवणीवरून त्याची आई शांता त्याला गोळी घालते. रीमा लागूंनी ते केलंय, म्हणून आपण त्यावर विश्वास ठेवतो. त्याआधी १९५७च्या ‘मदर इंडिया’त राधा बिरजूला गोळी घालते. १९७५च्या ‘दीवार’मध्ये आई धाकट्या, इन्स्पेक्टर मुलाच्या हाती पिस्तूल देते आणि मोठ्याच्या मागे पाठवते. तिथे तर पोलीस घरातच आहे, तरी मामला शेवटी गोळीवरच मिटतो.

तीन मोठे सिनेमे, तीन आया. मुलाला ठार मारायची तयारी तिघींची आहे, किंवा निदान ते घडू द्यायची. पण यातली एकही बाई पोलीस ठाण्याची पायरी चढून ‘तो अमुक ठिकाणी आहे, घेऊन जा’ असं म्हणत नाही.

मला वाटतं, पटकथाकारांना बंदूक सोपी जाते. गोळी घातली की गोष्ट संपते. मुलगा मेला, पाप धुतलं गेलं, आई देवी झाली. ‘वास्तव’मध्ये तर त्या गोळीला मुक्तीच म्हटलंय. खबर दिली तर काहीच संपत नाही. मुलगा जिवंत राहतो. त्याला कळतं की कोणी सांगितलं. कोर्टात तो एका बाजूला असतो, आई दुसऱ्या बाजूला, साक्षीदार म्हणून. शेजारच्या बायका आधी म्हणायच्या ‘कसला मुलगा वाढवला’, आता म्हणतात ‘कसली आई’. हे सगळं पडद्यावर तीन तासांत मावत नाही असं नाही. पण त्यात शेवटचं संगीत कुठे वाजवायचं ते कळत नाही.

इथे कायद्याची एक गंमत सांगायला हवी, गंमत म्हणवत नाही तरी. गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवण्यासाठी लपवणं हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेचं कलम २१२, आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २४९. त्यात एक अपवाद आहे: नवरा किंवा बायको. बस. आई नाही, बाप नाही, बहीण नाही. आणि ‘आसरा’ म्हणजे नुसतं छप्पर नाही. कायद्याच्या व्याख्येत अन्न, पाणी, पैसे, कपडेही येतात. म्हणजे मुलगा पोलिसांना चुकवून घरी आला आणि त्याला वाचवायच्या हेतूने आईने ताट वाढलं, तर ते ताटसुद्धा मोजलं जाऊ शकतं. बायकोचं नाही. हा कायदा ज्यांनी लिहिला त्यांना लग्न पवित्र वाटत होतं, आईपण तितकंसं नाही. आपल्या सिनेमाचं नेमकं उलट.

कन्फ्यूशियसची एक जुनी गोष्ट आहे. बापाने मेंढी चोरली म्हणून मुलगा त्याच्याविरुद्ध साक्ष देतो, आणि त्या गावाला त्याचा अभिमान वाटतो. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे बाप मुलाला झाकतो आणि मुलगा बापाला, सरळपणा त्यातच आहे. वाचताना बरं वाटतं. पण ज्याची मेंढी गेली त्याचं काय, हे त्या गोष्टीत कोणी विचारत नाही.

आणि आपल्या सिनेमांची खरी लबाडी इथेच आहे. रघूच्या हातून आधी मरतो तो गुंडाचा भाऊ. त्याच्याही घरी कुणी रडलं असेल, पण कॅमेरा तिकडे फार थांबत नाही. मेलेला माणूस आपल्याला नको असलेलाच निवडायचा, म्हणजे प्रेक्षकाला निर्णय जड जात नाही.

निशिकांत कामत यांचा ‘दृश्यम’ (२०१५, मूळ मल्याळम २०१३) या बाबतीत अर्धं पाऊल पुढे जातो. गोव्यातला केबलवाला विजय साळगांवकर, त्याच्या मुलीच्या हातून व्हिडिओवरून धमकावणारा पोरगा मरतो, आणि विजय २ आणि ३ ऑक्टोबरची एक अख्खी खोटी सहल रचतो. आपण त्याच्या हुशारीवर इतके खूश असतो की एक साधा प्रश्न मागे पडतो. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, बलात्काराच्या हेतूने हल्ला झाला तर तो समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो. एखाद्या वकिलाला या प्रकरणात तो निदान मांडता तरी आला असता. विजय त्या वाटेला जात नाही, कारण मेलेला पोरगा पोलीस महानिरीक्षकाचा आहे. त्याचा हिशोब चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही.

पण ‘दृश्यम’मध्ये मेलेल्याची आई आहे. तब्बूची मीरा देशमुख. तपास करता करता तिला कळतं की आपण ज्याला शोधतोय त्या मुलाने काय केलं होतं. म्हणजे चित्रपटात गुन्हेगार मुलं असलेली घरं दोन आहेत, आणि एका घराकडे वर्दी आहे. मीराला तो व्हिडिओ आधी सापडला असता, तर तिने स्वतःच्या मुलावर गुन्हा नोंदवला असता का? मला हा चित्रपट पाहायचा होता. कामतांनी तो केला नाही. त्याऐवजी मीराच्या डोळ्यांदेखत विजयच्या धाकट्या मुलीला मारहाण होते, आणि आपण सुटतो. आता निवड सोपी आहे. प्रेत कुठे पुरलंय ते सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो: नव्या पोलीस ठाण्याच्या खाली.

ही निव्वळ पटकथेची चलाखी वाटत असेल, तर नवी मुंबईकडे बघा. इथल्या पोलीस दलातल्या सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे २०१६च्या एप्रिलमध्ये नाहीशा झाल्या. मुख्य आरोपीला अटक व्हायला २०१७चा डिसेंबर उजाडला. पनवेलच्या सत्र न्यायालयाने २०२५मध्ये ज्याला जन्मठेप सुनावली तो अभय कुरुंदकर स्वतः पोलीस निरीक्षक होता. पुरावा नष्ट करायला मदत केली म्हणून त्याच्या मित्राला आणि चालकालाही शिक्षा झाली. ही माणसं रोज त्याच्यासोबत असणार, एका ताटात जेवलेली असणार. त्यांना काय वाटलं असेल, यावर मला सिनेमा हवाय. ‘सिस्टीम भ्रष्ट आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडी घालता येत नाही, कारण त्यांच्यासाठी सिस्टीम म्हणजे समोर बसलेला साहेब. आणि बेपत्ता बाईच्या घरचे वर्षानुवर्षं ज्यांच्या दारात उभे होते, ते दारही पोलिसांचंच.

म्हणून ‘जा, सांग पोलिसांना’ असं म्हणणाऱ्या समीक्षेला अर्थ नाही. पण म्हणून बंदूक देऊन मोकळं होणाऱ्या सिनेमालाही मी आता पूर्ण मार्क देत नाही.

न झालेला तो सिनेमा तळोजा कारागृहाच्या बाहेर सुरू होऊ शकेल. मुलाखतीची रांग, ऊन, हातात पिशवी, पिशवीत कपडे. एक बाई नंबर येण्याची वाट बघतेय. आतल्या माणसाला इथे तिनेच आणलंय, हे रांगेत कोणाला माहीत नाही. नंबर येतो. जाळीपलीकडे तो येऊन बसतो, आणि आता दोघांपैकी कोणीतरी आधी बोलायचं असतं.