ब्रॉडबँड धोरण आणि शेवटचा टप्पा : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

रस्ता, वीज व पाणी यांच्याबरोबरच इंटरनेट जोडणी ही आज ग्रामीण जीवनाची मूलभूत गरज बनली आहे. सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशप्रक्रिया, पिकाची नोंद ही सर्व कामे शासनानेच ऑनलाइन केली आहेत. नागरिकाने ऑनलाइन यावे अशी अपेक्षा शासन करीत असेल, तर तो तेथपर्यंत पोहोचू शकतो की नाही हे पाहणे शासनाचेच कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात केंद्र शासनाच्या ब्रॉडबँड धोरणाची नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात चिकित्सा केली आहे. या धोरणाने जोडण्या मोजल्या, परंतु सेवा मोजली नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

धोरणाची वाटचाल :

भारताचे पहिले ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये जाहीर झाले. त्यात २५६ केबीपीएस इतका किमान वेग गृहीत धरून २०१० पर्यंत २ कोटी ग्राहकांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. प्रत्यक्षात २०१० अखेर ही संख्या १ कोटी १० लाखांच्या आसपासच राहिली. या अपयशाचे एक कारण धोरणातच होते. त्या काळी ब्रॉडबँड मुख्यतः दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून मिळत असे आणि ग्रामीण भागातील या तारा बहुतांशी भारत संचार निगमच्या ताब्यात होत्या. या तारा इतर कंपन्यांनाही वापरू द्याव्यात, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजेच ट्रायने केली होती. शासनाने ती बंधनकारक केली नाही. परिणामी छोट्या गावांत स्पर्धा निर्माण झाली नाही आणि जेथे दूरध्वनीच नव्हता तेथे ब्रॉडबँडचा प्रश्नच उद्भवला नाही.

ब्रॉडबँडची व्याख्याही संथ गतीने बदलली. किमान वेग २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस झाला, तर २ एमबीपीएस होण्यास जानेवारी २०२३ उजाडावे लागले. २०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने २ एमबीपीएसचे आश्वासन त्यापूर्वीच दिले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

ग्रामपंचायतीपर्यंत आणि त्यापुढे :

ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क योजनेस मंजुरी मिळाली. देशातील सुमारे २.५ लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडण्याचा संकल्प होता. पुढे हीच योजना भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. पहिल्या टप्प्यातील १ लाख ग्रामपंचायतींचे काम पूर्ण होण्यास डिसेंबर २०१७ उजाडला. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याची जबाबदारी राज्य शासनाने महानेट प्रकल्पाद्वारे स्वीकारली.

येथे धोरणाची मूळ मर्यादा स्पष्ट होते. भारतनेटचे परिमाण ग्रामपंचायत हे आहे, घर किंवा शाळा हे नाही. नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर हे तालुके डोंगराळ व जंगलव्याप्त असून तेथील आदिवासी पाडे व बंजारा तांडे पंचायत कार्यालयापासून दूर विखुरलेले आहेत. लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या डोंगराळ तालुक्यातील वाड्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. पंचायतीच्या खोलीत पेटी बसली की कागदोपत्री गाव जोडले जाते, तांडा मात्र होता तेथेच राहतो.

दुसरी मर्यादा देखभालीची आहे. पहिल्या टप्प्यात फायबर एका सरळ रेषेत पुढे नेले गेले. त्यामुळे रस्त्याच्या खोदकामात ते एके ठिकाणी तुटले, तरी पुढील सर्व गावे बंद पडत. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार जोडणी आणि १० वर्षांची देखभाल यांचा समावेश करण्यात आला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि, तार टाकण्याइतकेच ती सांभाळणेही महत्त्वाचे असते, हे उमगण्यास एक तप लागावे ही धोरणकर्त्यांना विचार करायला लावणारी बाब आहे.

परवडण्याचा प्रश्न :

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटाचे दर झपाट्याने उतरले. ग्रामीण भागात इंटरनेट पोहोचले ते प्रामुख्याने मोबाइलद्वारे, हे मान्यच करावे लागेल. परंतु दर स्वस्त झाला म्हणजे सेवा परवडली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, तर इंटरनेट सुविधा १४.९ टक्के कुटुंबांनाच उपलब्ध होती. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यातील विद्यापीठांच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा मुख्यतः ऑनलाइन झाल्या. घरात एकच मोबाइल आणि शिकणारी भावंडे दोन-तीन, अशा कुटुंबासाठी डेटाचा दर हा खर्चाचा केवळ एक भाग असतो. शिवाय दर निश्चित करण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दरवाढ केली, तेव्हा अल्प उत्पन्न गटासाठी धोरणात कोणतेही संरक्षण नव्हते.

नियमनाचे एकक :

नियमनाच्या बाबतीत ट्रायचे कार्य सर्वस्वी निष्प्रभ आहे असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावकारक डेटा दरांना मनाई करून त्याने ग्राहकहिताचा महत्त्वाचा निर्णय घेतला. प्रश्न आहे तो मोजमापाच्या एककाचा. ट्रायची नियमित ग्राहकसंख्या परवाना क्षेत्रनिहाय प्रसिद्ध होते आणि महाराष्ट्र क्षेत्रात मुंबई वगळता संपूर्ण राज्य व गोवा यांचा समावेश होतो. पुण्याची समृद्धी व माहूरचे दारिद्र्य एकाच सरासरीत विरघळून जाते. २०२४ च्या सेवागुणवत्ता विनियमांनी जिल्हा पातळीवर २४ तासांपेक्षा अधिक काळ सेवा खंडित राहिल्यास भरपाईची तरतूद केली, हे पुढचे पाऊल होय. परंतु नांदेडसारख्या १६ तालुक्यांच्या जिल्ह्यात एका तालुक्याचा कोपरा तीन दिवस बंद राहिला, तर त्यास जिल्हा बंद पडला असे कोण म्हणेल?

या प्रश्नाचे गांभीर्य शेतकऱ्याच्या संदर्भात अधिक जाणवते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सोयाबीन उत्पादकाने शेतात उभे राहून छायाचित्रासह नोंद करावी आणि ती ठरलेल्या मुदतीत पाठवावी, अशी ही व्यवस्था आहे. सातबाऱ्यावर पीक नोंदले गेले नाही, तर नुकसानभरपाई व हमीभावाने विक्री यांत अडचण येते. नेटवर्क नसणे हा येथे गैरसोयीचा नव्हे, तर हक्काचा प्रश्न बनतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, ब्रॉडबँड धोरणाचे अपयश केवळ निधीच्या अभावातून आलेले नाही. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून उभारलेला सार्वत्रिक सेवा निधी, जो २०२३ च्या दूरसंचार कायद्याने डिजिटल भारत निधी झाला, त्यासाठीच होता. उणीव आहे ती उत्तरदायित्वाची. सेवागुणवत्तेचे मोजमाप व भरपाई तालुका पातळीवर व्हावी, जोडणी बंद असल्याची नोंद करण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळावा आणि जेथे नेटवर्क नाही तेथे शासकीय ऑनलाइन मुदती आपोआप वाढाव्यात, या तीन उपाययोजना आवश्यक वाटतात. यांपैकी तिसरीसाठी एक मीटरही फायबर टाकावे लागत नाही. शासनाने स्वतःची त्रुटी नागरिकाच्या माथी मारू नये, एवढीच त्यामागील अपेक्षा आहे.